ग्रुनवाल्डची पोलिश फौज: पहिली तुकडी उभी करताना

टेबलवरच्या लढाईच्या खेळासाठी छोट्या सैनिकांची मध्ययुगीन पोलिश फौज रंगवायची म्हटलं की नवख्याच्या डोळ्यांसमोर पाठीला पंख लावलेले घोडेस्वार येतात. ते आधी बाजूला ठेवा. पंखवाले हुसार सोळाव्या-सतराव्या शतकातले, म्हणजे आपल्याकडे शिवकाळ चालू होता त्या सुमाराचे. मध्ययुगीन टेबलवर त्यांचं काम नाही. दुकानात मात्र 'पोलिश' म्हणून सगळ्यात आधी तेच दिसतात, त्यामुळे चुकीची पेटी घरी यायला वेळ लागत नाही.

म्हणून पैसे काढण्याआधी एक साल ठरवा. शतक नको, साल. 'मध्ययुगीन पोलंड' या दोन शब्दांत पाचेकशे वर्षं मावतात आणि तेवढ्या काळात शिरस्त्राणापासून बुटापर्यंत सगळं बदललं. दहाव्या शतकातला, राज्यकर्त्या मिएश्कोचा सैनिक साखळीच्या चिलखतात असतो. पुढच्या पिढ्यांमधल्या बड्या सरदारांच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याने मढवलेली टोकदार शिरस्त्राणं दिसतात. तशी गोझुखी आणि गिएच इथे सापडली आहेत. १२४१ साली लेग्नित्सा इथे मंगोलांसमोर उभा राहिलेला सिलेसिया प्रांताचा सरदार वेगळा, आणि १४१० साली ग्रुनवाल्डला ट्युटॉनिक ऑर्डरच्या, म्हणजे जर्मन लढाऊ धर्मसंघाच्या, सरदारांशी लढलेला त्याहून वेगळा.

पहिल्या फौजेसाठी मी १४१० सुचवेन. १५ जुलै १४१० ची ही लढाई. एका बाजूला पोलंडचा राजा व्वादिस्वाव यागिएवो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक व्हितोल्ड. दुसऱ्या बाजूला ऑर्डरचा प्रमुख उलरिख फॉन युंगिंगेन, जो त्याच दिवशी मैदानात मारला गेला. या लढाईबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं, या काळाचे सैनिक बाजारात सहज मिळतात, आणि समोरची फौज रंगवणारा मित्रही पटकन भेटतो, कारण पांढऱ्या अंगरख्यावर काळा क्रूस रंगवायला सगळ्यांनाच आवडतं.

चित्र कुठल्या सालचं आहे?

संशोधन हा शब्द मोठा वाटतो, पण इथे त्याचा पहिला नियम साधा आहे: चित्रात प्रसंग कुठल्याही सालचा असो, कपडे आणि हत्यारं चित्रकाराच्या काळातली असतात.

उदाहरणार्थ, संत हेडविगच्या चरित्राची एक सचित्र हस्तलिखित पोथी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. तिच्यात लेग्नित्साची लढाई रंगवलेली आहे. लढाई १२४१ ची, पोथी १३५३ ची. त्यामुळे तिच्यातले सरदार चौदाव्या शतकाच्या मध्याचे आहेत. १२४१ ची फौज करणाऱ्याला ती चित्रं फसवतील. चौदाव्या शतकातली सिलेसियन फौज करणाऱ्याला मात्र त्यांच्यासारखा आधार मिळणार नाही.

याच चुकीचं सगळ्यात भव्य रूप म्हणजे यान मातेय्को यांचं ग्रुनवाल्डचं चित्र. १८७८ साली पूर्ण झालेलं, जवळजवळ दहा मीटर रुंदीचं हे चित्र वॉर्सॉच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्र म्हणून जबरदस्त आहे. पण मातेय्कोंनी नंतरच्या शतकांमधली चिलखतंही त्यात बेधडक घातली आहेत. त्यातून रंगसंगती घ्या, गर्दीचा आवेश घ्या, चिलखत घेऊ नका.

मग चिलखत बघायचं कुठे? १३९० ते १४२० या काळातल्या थडग्यांवरच्या कोरीव आकृती, कागदपत्रांवरचे शिक्के आणि पोथ्यांमधली चित्रं. पोलंडमधलीच हवीत असा हट्ट धरू नका. जर्मनी आणि बोहेमियातली, म्हणजे झेक प्रदेशातली, चालतात. याचं कारण पुढे येतंच.

लेखी आधार हवा तर यान द्वुगोश हे नाव लक्षात ठेवा. हा इतिहासकार १४१५ चा, म्हणजे लढाईनंतर पाच वर्षांनी जन्मलेला. पण त्याचा बाप स्वतः ग्रुनवाल्डला लढला होता. द्वुगोशने पोलंडच्या इतिहासाच्या बखरीत लढाईचं तपशीलवार वर्णन केलं आणि पोलिश बाजूच्या सुमारे ५० निशाणांची यादी दिली. १४४८ साली त्याने आणखी एक काम केलं. ऑर्डरकडून जिंकलेली आणि क्राकूफच्या वावेल कॅथेड्रलमध्ये टांगलेली ५६ निशाणं स्तानिस्वाव दुरिंक नावाच्या चित्रकाराकडून रंगीत उतरवून घेतली. या चित्रांच्या प्रती इंटरनेटवर सहज सापडतात आणि इथेच नवखे हमखास घसरतात. ती शत्रूची निशाणं आहेत! पोलिश निशाणांची अशी रंगीत वही नाही. त्यांची शब्दांतली वर्णनं आहेत. आज दिसणारी पोलिश निशाणांची रंगीत चित्रं ही त्या वर्णनांवरून नंतर केलेली आहेत, म्हणून दोन ठिकाणी एकाच निशाणाची दोन रूपं दिसली तर गोंधळू नका. मूळ वर्णनाशी जे जुळेल ते घ्या.

शोधताना एक युक्ती: विकिपीडियावर इंग्रजी लेख उघडून भाषांच्या यादीतून पोलिश निवडा आणि ब्राउझरकडून भाषांतर करून घ्या. कुलचिन्हं आणि निशाणांबद्दल पोलिश पानं कितीतरी भरलेली असतात. पोलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'पोलोना' हा डिजिटल संग्रहही फुकट बघता येतो.

पोलिशपणा दिसतो कुठे

१४१० चा श्रीमंत पोलिश सरदार चिलखतात जर्मन किंवा झेक सरदारापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. डोक्याला बॅसिनेट म्हणजे निमुळतं शिरस्त्राण, काहींना पुढे चोचीसारखा चेहरापट्टा, मानेभोवती साखळीची झालर, छातीला पत्रा किंवा कापडाखाली पत्रे शिवलेलं बख्तर, हातापायांना पत्र्याचं चिलखत. कमी ऐपतीच्या माणसाकडे रुंद काठाची लोखंडी टोपी आणि जाड रजईसारखा अंगरखा. म्हणूनच पश्चिम युरोपचे सैनिक इथे चालतात. पेरी मिनिएचर्सच्या २८ मिमी प्लास्टिकच्या पेट्या अ‍ॅजिनकोर्टच्या इंग्रज-फ्रेंच लढाईच्या, म्हणजे १४१५ पासूनच्या, काळातल्या आहेत. घोडेस्वार सरदार आणि फ्रेंच पायदळ आपल्याला जवळजवळ जसेच्या तसे वापरता येतात. इंग्रज लांबधनुष्यवाल्यांची पेटी मात्र घेऊ नका. पोलिश फौजेचं दूरचं हत्यार क्रॉसबो, म्हणजे चापाने सुटणारं आडवं धनुष्य, होतं.

मग ही फौज पोलिश आहे हे समोरच्याला कळणार कशावरून? ढालीवरच्या कुलचिन्हांवरून, निशाणांवरून आणि तुकडीच्या घडणीवरून. तुमचा अभ्यासाचा निम्म्याहून जास्त वेळ या तिन्हींवर जाऊ दे. गुडघ्यावरच्या पत्र्याला किती खिळे होते यावर रात्र घालवणारे लोक मला आवडतात, पण पहिल्या तुकडीला त्याची गरज नाही.

तुकडीच्या घडणीपासून सुरू करू. पोलिश फौजेचं मोठं एकक म्हणजे 'खोरोंगिएव', म्हणजे एका निशाणाखाली लढणारं पथक. त्याच्या आत छोटं एकक 'कोपिया', म्हणजे भाला: एक पूर्ण चिलखतातला सरदार आणि त्याच्याबरोबर हलक्या साजातले साथीदार, बहुतेक घोड्यावरचे क्रॉसबोवाले. म्हणून सहा घोडेस्वारांची तुकडी करताना सहाही जण झगमगत्या पत्र्यात नकोत. पुढच्या रांगेत दोन-तीन सरदार, मागे लोखंडी टोप्यांचे, रजईच्या अंगरख्यातले, पाठीला क्रॉसबो लटकवलेले स्वार. पायदळाच्या पेटीत उरलेले क्रॉसबो आणि डोकी घोडेस्वारांना चिकटवली की हे स्वस्तात होतं.

दोनचार हलक्या स्वारांना लिथुआनियन पद्धतीची लहान चौकोनी ढाल द्या, जिच्या मधोमध वरून खाली उंचवटा असतो. ती पेटीत मिळत नाही. पातळ प्लास्टिकचा आयत कापा, त्यावर उभी अर्धगोल काडी चिकटवा, कडा ग्रीन स्टफने, म्हणजे मळून वापरायच्या पुट्टीने, बुजवा. तेवढ्याने फ्रान्सची पेटी पूर्वेला सरकते.

द्वुगोशने दिलेला एक तपशील रंगवणाऱ्यासाठी सोन्यासारखा आहे. गर्दीत आपला माणूस ओळखता यावा म्हणून यागिएवोच्या फौजेने अंगावर गवताच्या पेंढीचे पट्टे बांधले होते, आणि परवलीचे शब्द होते 'क्राकूफ' आणि 'विल्नो'. ग्रीन स्टफची बारीक वळी दंडाभोवती गुंडाळा, सुईने उभ्या रेघा ओढा, फिका पिवळा रंग द्या. हे मी अजून फार थोड्या टेबलांवर पाहिलं आहे, आणि ते का वगळतात ते मला कळत नाही.

कुलचिन्हं: इथे पोलंड तुमच्या बाजूने आहे

पश्चिम युरोपात ढालीवरचं चिन्ह एका घराण्याचं असतं आणि भावाभावांतही त्यात फरक करतात. पोलंडमध्ये एकच चिन्ह, ज्याला 'हेर्ब' म्हणतात, अनेक घराणी मिळून वापरत. चिन्हाला स्वतःचं नाव असतं आणि अनेकदा तीच त्या कुळाची रणगर्जना. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे: एका तुकडीतल्या तीन सरदारांच्या ढालींवर एकच चिन्ह असलं तर तो आळस दिसत नाही, उलट ते पोलिश पद्धतीला धरून होतं.

शिवाय चिन्हं सोपी असतात. नवशिक्याने या चारांपासून सुरुवात करावी:

लेलिवा: निळ्या पार्श्वभूमीवर टोकं वर असलेली सोनेरी चंद्रकोर, वर सोनेरी तारा. 
पोराय: लाल पार्श्वभूमीवर पाच पाकळ्यांचा पांढरा गुलाब. 
तोपूर: लाल पार्श्वभूमीवर पांढरी कुऱ्हाड. 
नावेंच: लाल पार्श्वभूमीवर गाठ मारलेली पांढरी पट्टी.

लेलिवा सगळ्यात सोपं. ढाल निळी करा, मध्ये पिवळा गोल काढा, मग निळ्याच रंगाने गोलाचा वरचा भाग खाऊन टाका. कोर आपोआप उरते. तारा म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तीन बारीक रेघा. ग्रुनवाल्डला क्राकूफचा व्होइव्होद, म्हणजे प्रांताधिकारी, यान तारनोव्स्की याचं पथक याच चिन्हाखाली होतं, त्यामुळे पहिल्या तुकडीला नावगावही मिळतं.

हात बसला की सुलिमाकडे या. वरचा अर्धा भाग सोनेरी आणि त्यात काळा अर्धा गरुड, खालचा लाल आणि त्यात तीन रत्नं. हे झाविशा चार्नीचं, म्हणजे 'काळ्या' झाविशाचं चिन्ह. पोलंडमध्ये त्याचं नाव आजही सचोटीच्या सरदाराचा दाखला म्हणून घेतात. सेनापतीची मिनिएचर म्हणून तो उत्तम.

स्वतःच्या मनाने चिन्ह जोडू नका. जोडायचंच असेल तर एक जुना नियम पाळा: पिवळा-पांढरा हे 'धातू', लाल-निळा-काळा-हिरवा हे 'रंग', धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लाल ढालीवर काळा पक्षी हातभर अंतरावरून दिसतच नाही, आणि नियम आला तोच मुळी लांबून ओळख पटावी म्हणून.

रंगकाम

तयारी थोडक्यात. प्लास्टिकच्या साच्याच्या रेषा ब्लेडच्या पाठीने खरवडा, भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, चिकटवा. धातूचे सैनिक घासले तर हात नीट धुवा. जुन्या ओतकामात शिसं असतं. रेझिनचा थ्रीडी प्रिंट कापता-घासताना मास्क लावा. घोडा आणि स्वार वेगवेगळे रंगवून शेवटी जोडा, नाहीतर खोगिराच्या आत ब्रश जात नाही.

प्रायमरबद्दल, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराबद्दल, मुंबई-कोकणातल्यांना खास सांगणं: पावसाळ्यात स्प्रे कॅन वापरू नका. हवेतल्या दमटपणाने पृष्ठभाग भुकटीसारखा खरखरीत होतो आणि तो पुन्हा गुळगुळीत करणं डोकेदुखी असते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर बरा. चिलखती स्वारांना काळा, कापडी अंगरख्याच्या पायदळाला राखाडी किंवा फिका.

रंग वेयेहो किंवा सिटाडेलचे असतील तर उत्तम. साध्या कलाकारांच्या अ‍ॅक्रिलिकनेही सुरुवात होते, फक्त त्यात रंगकण जाडसर असतात, म्हणून पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात. प्लास्टिकच्या डब्यात ओला टिशू आणि वर बटर पेपर, एवढ्यात रंग ओला ठेवणारं वेट पॅलेट तयार. ब्रश लहान घेण्यापेक्षा टोक चांगलं असलेला १ नंबर घ्या. अतिबारीक ब्रशवर रंग टेकेपर्यंत वाळतो.

चिलखत आधी उरका, कारण ड्रायब्रशचा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला, रंग आजूबाजूला सांडतो. काळ्यावर गडद धातूरंग, मग काळा वॉश, म्हणजे खोबणींत उतरणारा पातळ रंग, मग फक्त कडांना आणि शिरस्त्राणाच्या कण्याला चकचकीत चंदेरी. साखळीचं चिलखत पत्र्यापेक्षा गडदच ठेवा. दोन्ही सारखेच चमकले तर सैनिक एकसंध पत्र्याचा डबा दिसतो.

पोलिश फौजेत लाल भरपूर लागतो, आणि लाल हा हट्टी रंग. खाली तपकिरी-लाल थर द्या, त्यावर शुद्ध लाल, आणि उजळ भागासाठी लालात नारिंगी किंवा त्वचेचा रंग मिसळा. पांढरा मिसळलात तर गुलाबी होईल. लालाला तिथे स्थानिक आधारही आहे: पोलंडमध्ये एका किड्यापासून गडद किरमिजी रंग काढत. हा 'पोलिश कोचिनील' जूनच्या अखेरीस झाडाच्या मुळांवरून गोळा करावा लागे, आणि एवढी मेहनत म्हणजे किंमत आलीच. म्हणून भारी किरमिजी सरदारांच्या अंगावर ठेवा. साथीदारांना मंजिष्ठाचा विटकरी लाल, वोड या वनस्पतीचा फिकट निळा, न रंगवलेल्या लोकरीचा राखाडी-तपकिरी, कोऱ्या तागाचा मळकट पांढरा. सगळ्यांचे कपडे सारखे नकोत. हा गणवेशाचा काळ नव्हे.

पांढरा कधी थेट पांढऱ्याने सुरू करू नका. फिका राखाडी किंवा बदामी थर, वर मोडलेला पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त शेवटच्या टोकांना.

घोडे लोक कंटाळून उरकतात, पण टेबलावर सगळ्यात मोठा पृष्ठभाग त्यांचाच असतो. बहुसंख्य तांबूस-तपकिरी ठेवा: अंग तांबूस, आयाळ-शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. एखाद्याच्या कपाळावर पांढरा टिळा, एखाद्याचा एक पाय पांढरा. झूल घातलेला घोडा तुकडीत एक, फार तर दोन. ती चैन श्रीमंतांची. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांप्रमाणे हे सैनिकही हातभर अंतरावरून बघितले जातात, तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्यांपेक्षा घोड्याच्या रंगातला फरक आधी नजरेत भरतो.

निशाण

सगळ्या फौजेचा जीव इथे आहे. द्वुगोशच्या यादीतून सुरुवातीला हे निवडा. क्राकूफचं मोठं निशाण: लालावर मुकुट घातलेला पांढरा गरुड. हे निशाणदार मार्चिन व्रोचिमोव्स्कीच्या हातून लढाईत खाली पडलं आणि पुन्हा उचललं गेलं, असं द्वुगोश सांगतो. गोन्चा: निळ्यावर पिवळा दुहेरी क्रूस, सरळ रेघांचं काम, नवशिक्याला वरदान. संत जॉर्जचं: लालावर पांढरा क्रूस, याखाली झेक आणि मोरावियन भाडोत्री लढले. पोझनानचं: लालावर पांढरा गरुड, पण मुकुट नसलेला. ल्वूफचं, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्वीवचं: निळ्यावर खडकावर चढणारा पिवळा सिंह. कुळाचं निशाण हवं तर ग्रिफ: लालावर पांढरा ग्रिफिन, म्हणजे अर्धा गरुड-अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी.

गरुड काढताना एक क्रम पाळा. लाल पूर्ण वाळू दे. पांढऱ्या पेन्सिलने मधली उभी रेघ, मग पंखांचे दोन कमानदार आकार, मग शेपटी, शेवटी डोकं. फिक्या राखाडीने भरा, वर पांढऱ्याने पिसांच्या रेघा ओढा, कडेने पातळ गडद तपकिरी रेघ. चोच, नखं आणि मुकुट पिवळे. डोकं बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वळलेलं असतं. आणि निशाणाला दोन बाजू असतात: चिन्ह काठीकडे तोंड करून असतं, म्हणून मागच्या बाजूला चित्र उलटं येतं. छापील निशाण डाउनलोड करताना दोन्ही बाजू आरशासारख्या आहेत ना, ते आधी बघा.

छापील कागदाचं निशाण ही पळवाट नाही, मी स्वतः मोठ्या निशाणांना तेच वापरतो. साध्या कागदावर छापा, कापा, मागून पांढरा फेव्हिकॉल लावून काठीभोवती दुमडा, आणि ओलं असतानाच ब्रशच्या दांड्यावर वळवून लाटा द्या. वाळल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडा त्याच रंगाने भरा. हे राहिलं तर सगळं निशाण खेळण्यातलं वाटतं. मग छापील रंगावरच लाटांच्या उंचवट्यावर थोडा उजळ आणि खोलगट भागात थोडा गडद हात फिरवा, म्हणजे ते रंगवलेल्या सैनिकांत मिसळतं.

बेस आणि वार्निश

लढाई जुलैतली, आदल्या रात्री वादळी पाऊस झालेला. तेव्हा बेसवर बर्फ नको. मातकट तपकिरी, त्यावर उन्हाळी हिरवं-पिवळं गवत, घोड्यांच्या खुरांजवळ थोडा ओला चिखल. बेसचा आकार तुमच्या गटात कोणते नियम खेळतात त्यावर ठरतो, म्हणून चिकटवण्याआधी विचारून घ्या. २८ मिमीला ६० मिमी रुंदीचा बेस बऱ्याच ठिकाणी चालतो. खालून लोखंडी पत्रा किंवा चुंबकीय शीट लावली तर डब्यात सैनिक पडत नाहीत.

वार्निश दोन हातांत: आधी चकचकीत, टिकण्यासाठी, वर मॅट, दिसण्यासाठी. मॅट वार्निशमुळे चिलखताची चमक जाते, तेव्हा शेवटी शिरस्त्राणाच्या कण्यावर आणि तलवारीच्या धारेवर चंदेरीची एक रेघ पुन्हा ओढा. पावसाळ्यात वार्निशचाही स्प्रे टाळा. दमटपणात त्यावर पांढरी साय धरते. ब्रशने लावायचं वार्निश बाराही महिने चालतं, फक्त बाटली हलवताना फेस होऊ देऊ नका.